पत्त्यातला बदल

संगम पुलाजवळच्या कचेरीत
नऊ नंबरच्या खिडकीमागे मी बसते.
पंख्याचा वारा फायलींना लागतो, मला नाही.

जेवणाच्या सुट्टीला सात मिनिटं असताना
यल्लाप्पा परशराम नावगेकर आला.
जुना पत्ता खानापूर. नवा पत्ता मांजरी बुद्रुक,
दत्तमंदिरामागे, भाड्याची खोली.
शर्टावरची इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती.
शाळेच्या बसवर काम मिळतंय, म्हणाला,
परवा हजर व्हायचंय.

मी नंबर टाकला. केए बावीस, आणि पुढचे आकडे.
चक्र फिरू लागलं. आमच्याकडे ते बराच वेळ फिरतं,
तेवढ्यात माणसं देवाचं नाव घेतात
किंवा पेन मागतात.
ह्यानं दोन्ही केलं नाही.
काउंटरच्या कडेचा सुटलेला सनमायका
अंगठ्यानं जागेवर बसवत राहिला.

मग पडद्यावर उतरलं सगळं:
कलम एकशे पंच्याऐंशी, बेळगावचं न्यायालय,
दंड, परवाना सहा महिने स्थगित,
तारीख सहा वर्षांपूर्वीची, शिमग्याच्या आसपासची.
निपाणी, कागल, खंबाटकी, कात्रजचा बोगदा,
लिपी बदलली तरी कुठे न अडखळता
ती एक ओळ त्याच्या आधी पुण्यात पोचली होती.
तिला अनामत भरावी लागली नाही,
घरमालकाला आधार दाखवावं लागलं नाही.

"हे काय आहे?" विचारायचं असतं म्हणून विचारलं.
"माझंच हाय की, बाई."

नाकारणारे रोज बघते मी.
नावात घोळ असेल, मित्र चालवत होता,
खोकल्याचं औषध घेतलं होतं.
ह्यानं सांगितलं, एक सायकल होती.
हँडलला दुधाची किटली होती.
पोराचा गुडघा गेला.
"आता बावीस वर्षांचा असेल. जिना चढताना कठडा धरतोय.
मी बघून येतो की कधीमधी. लांबनं."
आणि मग, मी काही न विचारता:
"तिकडं सगळ्यांस्नी ठाऊक. चहा द्यायचे,
किल्ली द्यायचे नाहीत.
म्हटलं, पुण्यात कोण वळखतंय."
त्यानं पडद्याकडे हनुवटी केली,
एसटी स्टँडवर गावाकडचं कुणी दिसावं, तसं.

पत्ता बदलून देता येतो. पत्त्याची काही तक्रार नसते.
पण शाळा नोंद मागते,
आणि ती छापून द्यायचं काम माझं.
"त्यानंतर पिलो नाही," एवढं म्हणाला.
त्याचा रकाना फॉर्मवर नाही.

शिक्का मारताना कुठूनसा वेलदोड्याचा वास आला.
तो तर काहीच चघळत नव्हता.

गेल्या डिसेंबरात लोणावळ्याहून परतताना
वाकडच्या पुलाखाली नाकाबंदी होती.
मीच पर्समधून वेलदोडे काढून
उपेंद्रच्या तळहातावर ठेवले.
काच थोडीशीच खाली कर, हेही मीच म्हटलं.
पाचशेच्या दोन नोटा अंधारात बोटांनी मोजल्या.
"सावकाश जावा, वहिनी," हवालदार म्हणाला.
मागच्या सीटवर लेक झोपली होती, बूट न काढता.

नावगेकर कागद घेऊन गेला.
घडी घातली नाही त्यानं, दोन्ही हातांनी सपाट धरला,
ओल्या फोटोसारखा.
सनमायका पुन्हा सुटला.

साडेसहाला उपेंद्रचा फोन:
खाली आलोय, गाडी चालूच आहे.
आज शुक्रवार. आवाजात जरा जास्तच माया होती.

मशीन बंद करायच्या आधी मी त्याचा नंबर टाकला.
तोंडपाठ आहे, नूतनीकरण दरवेळी मीच करून देते.
चक्र फिरलं. बराच वेळ फिरलं.
मी पेन शोधलं. मग देवाचं नाव घेतलं,
आणि काय मागायचं ते ठरवायच्या आत
पडदा पांढरा झाला:
नोंद आढळली नाही.

खाली हॉर्न वाजला. दोनदा.